११ वर्षांच्या मुलीला स्कोलिओसिस (कणा एका बाजूला वळणं) आहे, बाक २८ अंशांचा. दप्तरामुळे झालं असेल का? आणि ब्रेसने (धडाभोवती घालायच्या कडक पट्ट्याने) खरंच फायदा होतो का?

होतो, पण तो रोज किती तास अंगावर राहतो त्यावर सगळं आहे. माझ्या मुलीने अडीच वर्षं ब्रेस घातला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दप्तराचं. जड दप्तराने पाठ दुखते, कणा असा वळत नाही. दहा वर्षांपुढच्या मुलांत बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, एवढंच. दूध कमी पडलं, पोक काढून बसली, असलं काही मनात आणू नका आणि तिला तर अजिबात ऐकवू नका.

आमच्या हे लक्षात आणून दिलं शिंपीकाकांनी. लग्नासाठी परकर-पोलक्याचं माप घेताना त्यांनी टेप दोनदा लावला आणि म्हणाले, "ताई, हिचा डावा खांदा खाली आहे का हो?" घरी येऊन तिला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात सोडून पुढे वाकायला लावलं. मागून पाहिलं तर उजव्या बाजूच्या फासळ्या आत उशी ठेवल्यासारख्या वर आलेल्या. मी रोज तिची वेणी घालायचे, पण बारा वर्षांच्या मुलीची उघडी पाठ आईला तरी कुठे दिसते? पहिल्या डॉक्टरांनी "सवय आहे, सरळ बसायला सांगा" म्हणून परत पाठवलं. त्यात चार महिने गेले, तेही ती सगळ्यात झपाट्याने वाढत होती तेव्हाचे. त्याची हळहळ अजून वाटते.

कारण खरा प्रश्न अंशांइतकाच उंची किती वाढायची राहिली आहे हा असतो. वाढ संपलेल्या मुलीला २८ अंशांसाठी बहुधा ब्रेस देणारच नाहीत. तुमची ११ वर्षांची आहे, पाळी सुरू व्हायची असेल किंवा नुकतीच झाली असेल, तर बाक वाढायला भरपूर वाव आहे. एक्स-रेत कमरेच्या हाडावरून वाढ किती उरली ते कळतं, त्याला रिसर म्हणतात. ० ते ५ मध्ये (० म्हणजे वाढ भरपूर बाकी, ५ म्हणजे संपली) तिचा आकडा किती, ते डॉक्टरांना नक्की विचारा. साधारण २५ ते ४० अंश आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस, ४५-५० च्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विचार.

अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास २०१३ साली आला. ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घातलेल्यांत ४८ टक्के. ब्रेसमध्ये तापमान टिपणारं यंत्र होतं, त्यामुळे खरे तास कळले. रोज सरासरी १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेलं, सहा तासांच्या आत घालणाऱ्यांना जवळपास काहीच फायदा नाही.

पण ब्रेस बाक काढून टाकत नाही, थोपवतो. आमचे सुरुवातीला ३१ अंश होते, शेवटी ३३. पाचेक अंशांचा फरक मोजण्यातलाही असतो, म्हणजे ते थांबलं.

आम्हाला १८ तास सांगितले होते. आत सुती बनियन उलटा घालायचा, म्हणजे शिवण टोचत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसाला तीन बनियन लागायचे. काढल्यावर लाल वळ उठतात, ते अर्ध्या तासात गेले पाहिजेत. खेळताना काढू द्या, तिचा खेळ बंद करू नका. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तास तीच लिहायची, मी विचारायचे नाही. हे ठरल्यावर भांडणं कमी झाली. पहिले दोन महिने मात्र रात्री रडून जायचे, त्याची तयारी ठेवा.

श्रॉथ पद्धतीचे, म्हणजे स्कोलिओसिससाठीचे खास व्यायाम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून जरूर करून घ्या, पण ब्रेसच्या जोडीला, बदली म्हणून नाही. मालिश करून हाड बसवून देतो म्हणणाऱ्यांकडे नेऊ नका. रात्री झोपमोड होईल इतकी पाठ दुखत असेल, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

आणि ब्रेस आला की काही आठवड्यांत तो घालूनच एक एक्स-रे काढतात. त्यात बाक निम्म्याच्या आसपास उतरलेला दिसला तर उत्तम. फारसा उतरला नसेल तर ब्रेस बनवणाऱ्याकडे परत जाऊन आतले पॅड बदलून घ्या. आमचे दोनदा बदलावे लागले.