इस्टर बेटावरचे पुतळे माणसांनी घडवलेच कसे? आधी दगड कसला ते विचारा

तुम्ही विचारलंय की चाक नाही, लोखंड नाही, ओढायला जनावर नाही, अशा लोकांनी पॅसिफिक महासागरातल्या इस्टर बेटावरचे ते अवाढव्य दगडी पुतळे कसे घडवले असतील, आणि परग्रहावरून कुणाची मदत झाली असेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही. कुणीही आलं नव्हतं. रापा नुईच्या लोकांनी, म्हणजे त्या बेटावरच्या पॉलिनेशियन माणसांनी, ते स्वतःच्या हातांनी घडवले. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही त्याच बेटावर राहतात.

मी पाथरवटाचा मुलगा आहे. हा प्रश्न दिसला की मला गप्प बसवत नाही, त्याचं कारण सांगतो.

अकरावीत होतो. तालुक्याच्या गावी दरवर्षी व्याख्यानमाला असायची. त्या दिवशी विषय जुन्या शिल्पांचा होता, म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन मुद्दाम एसटीने गेले. वक्त्यांनी पडद्यावर मोआई, म्हणजे इस्टर बेटावरचे हेच पुतळे, दाखवले, मग वेरूळचं कैलास दाखवलं, आणि म्हणाले की हातात दगडाची हत्यारं असलेल्या अडाणी माणसांना हे जमणं शक्यच नाही, यामागे कुठलीतरी प्रगत शक्ती असलीच पाहिजे. टाळ्या पडल्या. अण्णांनी तोवर तीस वर्षं काळ्या पाषाणात काढली होती. पाटे, जाती, उंबरे, देवळांचे खांब, दोन नंदी. ते उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, त्यो दगड कसला हाय?"

लोक हसले. आयोजकांपैकी एकजण म्हणाला, "प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या." अण्णांना सहीपुरतंच लिहिता येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशाला पेन होतं. पुढच्या रांगेत माझ्या वर्गातली मुलं बसली होती. मी मान खाली घातली. अण्णा बसले. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्या दिवसाबद्दल नंतर कधीही एक शब्द बोलले नाहीत.

त्या सभागृहात त्या संध्याकाळी एकच शहाणा प्रश्न विचारला गेला, तो अण्णांचा. त्याचं उत्तर शोधायला मला पुढे बारा वर्षं लागली.

तो दगड म्हणजे टफ. ज्वालामुखीची राख आणि बारीक खडे दाबून बसलेला. बेटावर रानो राराकू नावाचं विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, बहुतेक सगळे मोआई तिथल्याच खाणीत घडले. आपल्या काळ्या पाषाणापुढे हा दगड मऊ, आणि पाणी मारलं की आणखी हाताशी येतो. त्यांचं हत्यार होतं 'टोकी', म्हणजे मुठीत धरायचा टोकदार दगड, आणि तो बसाल्टचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तोच. मऊ दगडावर कठीण दगड, एवढी साधी गोष्ट. आपली 'टाकी', म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि त्यांची 'टोकी' हा नावांचा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कुणी नवी गोष्ट रचू नये. पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. असल्या झिजलेल्या, फुटलेल्या टोकी त्या खाणीत हजारोंनी पडल्या होत्या.

घडवायची रीतही तिथेच दिसते, कारण जवळपास चारशे मोआई अर्धवट अवस्थेत किंवा घडून खाणीतच राहिलेत. पुतळा उताणा कोरायचा. आधी तोंड, नाक, पोटावर ठेवलेले हात. दोन्ही बाजूंनी कारागीर उभे राहतील एवढे चर खणायचे. शेवटी पाठीखाली कण्यासारखी दगडाची एक पट्टी उरते, ती फोडली की पुतळा सुटा. मग दोर लावून उतारावरून खाली घ्यायचा, खड्ड्यात उभा करायचा आणि उरलेली पाठ उभ्यानेच पुरी करायची. सगळ्यात मोठा, सुमारे २१ मीटरचा, अजून डोंगरालाच चिकटून आहे. यंत्रं घेऊन आलेला कुणी काम असं मध्येच टाकून गेला असता का?

१९५५-५६ मध्ये थोर हेयरडाल हा नॉर्वेचा संशोधक तिथे गेला. हे पुतळे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या परंपरेतले, असं त्याचं मत. ते मला मुळीच पटत नाही आणि पुढच्या संशोधनातही टिकलं नाही. पण त्याने एक गोष्ट बरोबर केली, बेटावरच्या माणसांना काम करून दाखवायला सांगितलं. पेद्रो आतान नावाच्या तिथल्या महापौराने बारा माणसं घेतली. अनाकेनाच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला मोआई लाकडी ओंडक्यांनी थोडा उचलायचा, खाली दगड सारायचे, पुन्हा उचलायचा, पुन्हा दगड. अठरा दिवसांत पुतळा चौथऱ्यावर उभा. ही रीत त्याला आजोबांकडून आलेली. हेयरडालने विचारलं, मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही? तर तो म्हणाला, कुणी विचारलंच नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ते हलवले कसे. बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली की मोआई चालत गेले. बाहेरच्यांनी ती दंतकथा समजून सोडून दिली. १९८६ मध्ये पावेल पावेल या चेक अभियंत्याने सतरा माणसं आणि दोर घेऊन तिथला खरा मोआई उभ्याउभ्या पुढे सरकवून दाखवला. पुढे टेरी हंट आणि कार्ल लिपो यांनी ४.३५ टनांची प्रतिकृती अठरा माणसांकडून शंभर मीटर चालवली, चाळीस मिनिटांत. दोन्ही बाजूंना दोर, मागून एक दोर, आणि डुलवत डुलवत पुढे.

ते चित्रण मी अण्णांना मोबाइलवर दाखवलं. आधी चष्मा पुसला, मग अर्ध्यातच थांबवायला सांगितलं आणि बोट पडद्यावर ठेवून म्हणाले, "तळ बघ. पुढची कड गोल ठेवलीया. आन्‌ पुतळा पुढं कलता हाय. उगं न्हाई त्ये." वाटेत पडलेल्या मोआईंचा तळ खरोखरच असा आहे, हा हंट आणि लिपो यांचा मुख्य मुद्दा. चौथऱ्यावर पोचल्यावर तळ तासून पुतळा सरळ करायचे. अण्णांना ते दहा सेकंदांत दिसलं, कारण त्यांनी हेच केलंय. गावातली छातीएवढी वीरगळ देवळाच्या आवारात न्यायची होती, बोळात जेसीबी शिरत नव्हता. चौघांनी दोर लावून, एकाने मागून पहार धरून ती उभीच चालवत नेली. तेव्हा मी सातवीत होतो, पुढे नारळ घेऊन चाललो होतो.

आता थोडं सावरून सांगतो. चालवण्याची रीत सगळ्यांना मान्य नाही. जो अ‍ॅन व्हॅन टिलबर्ग यांच्यासारखे अभ्यासक लाकडी सांगाड्यावर आडवं ठेवून ओढल्याचं मानतात, आणि तोही प्रयोग झालाय. ८० टनांच्या 'पारो' नावाच्या मोआईला कसं नेलं हे ४ टनांच्या प्रतिकृतीवरून ठामपणे सांगता येत नाही, आणि आमची वीरगळ तर टनभरही नव्हती. डोक्यावरचे लाल दगडाचे, टोपीसारखे पुकाओ आणि पोवळ्याचे डोळे यांना मी हातच लावला नाही, तो वेगळा प्रश्न विचारा.

पण 'माणसांना शक्य नाही' हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या जहाजांनी त्या बेटावरून शेकडो माणसं गुलाम म्हणून नेली. जे थोडे परतले त्यांच्याबरोबर देवी आल्या. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. सांगणारे असे गेले, आणि त्यांच्या पश्चात जग म्हणू लागलं की यांना जमलंच नसेल. असं सांगणारा वक्ता तुमच्या गावी आला तर उठून दगड विचारा, हत्यार विचारा. शेजारच्याला लिहिता येत नसेल तर त्याची चिठ्ठी लिहून द्या.

अण्णांचा आणखी एक प्रश्न होता, दोर कशाचे? मी शोधून सांगितलं की हाऊ हाऊ नावाच्या झुडपाच्या सालीचे, अंबाडीच्याच कुळातलं झाड. अण्णा म्हणाले, "मंग आधी भिजत घालत्याली. अंबाडी कुजल्याबिगर सुटत न्हाई."