कंपनीच्या पहिल्या पुरस्कार सोहळ्यात कर्मचाऱ्यांना खरोखर मान मिळाला असं वाटावं, यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की 200 माणसांच्या कारखान्यात पहिल्यांदाच पुरस्कारांची संध्याकाळ ठरली आहे, साहेबांचा भर हॉटेल आणि ऑर्केस्ट्रावर आहे, आणि पैसा नेमका कुठे घालावा हे तुम्हाला कळत नाहीये. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआर सांभाळते आणि असे अकरा सोहळे केले आहेत. पैशाचं नंतर बघू. आधी वेळ घाला, आणि तो माणूस स्टेजवर येताना ज्या चार ओळी वाचल्या जातात त्यांच्यावर घाला.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांच्या मानपत्रावर ‘उत्कृष्ट कामगिरी व समर्पित वृत्तीबद्दल’ असं छापलं होतं. 24 सन्मानचिन्हं आणि 24 वेळा तेच वाक्य. दहाव्या नावानंतर मागच्या रांगांतलं लक्ष उडालं. त्यात निवेदकाने एका हेल्परचं आडनाव चुकीचं वाचलं. तो जागचा उठलाच नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलावलंय असं त्याला वाटलं. ते मला आजही लागून राहिलंय. तेव्हापासून प्रत्येक नाव मी त्या त्या माणसाच्या तोंडून ऐकून घेते आणि निवेदकाकडून दोनदा वाचून घेते.

दोन वर्षांनी मेंटेनन्समधल्या एका फिटरचं नाव आलं. सुपरवायझरने फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं, ‘ऊर्जाबचत’. मी त्यांना गाठून विचारलं, दादा, नेमकं काय केलंत? त्यांनी सांगितलं की हवेच्या पाइपलाइनमधली गळती प्रेस मशीन चालू असताना ऐकूच येत नाही, धडधडीत ती दबून जाते. म्हणून मशीन बंद पण पाइपात हवा चालू असताना, चार रविवार, ते साबणाच्या पाण्याची बाटली आणि एक जुना ब्रश घेऊन कारखानाभर फिरले. ज्या जॉइंटवर फेस फुगला तिथे लाल चिंधी बांधायची. अशा 37 चिंध्या झाल्या. त्या गळत्या काढल्यावर पाइपात दाबाने हवा भरणाऱ्या दोन कॉम्प्रेसरपैकी एक रात्रपाळीत बंद ठेवता येऊ लागला.

मी हे सगळं जसंच्या तसं स्टेजवरून वाचायला लावलं. त्यांची आई पहिल्या रांगेत बसली होती. कॉम्प्रेसर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण साबणाचं पाणी आणि चिंधी तिला बरोबर कळली. शेजारच्या बाईंना ती म्हणाली, “रविवारचा ह्यासाठी जायचा होय तो!”

म्हणून घरच्यांना बोलवाच. हॉटेल लांब असेल तर बायकामुलं येत नाहीत आणि सेकंड शिफ्टवाले तर मुळीच पोचत नाहीत. आम्ही कॅन्टीनच्या शेडमध्ये मांडव घालतो, कंपनीच्या बस घरच्यांना आणायला पाठवतो, आणि रात्रपाळीतल्या विजेत्यांचा मान दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलताना सगळ्यांसमोर करतो. तोही प्लँट हेडच्याच हातून.

कंत्राटी कामगारांना वगळू नका. तुमचे कायदेशीर सल्लागार हरकत घेतील, कारण कंपनीने थेट गौरव केला तर ती माणसं कंपनीचीच ठरतात असा वाद पुढे निघू शकतो. आम्ही मग कंत्राटदारालाच स्टेजवर बोलावलं आणि त्याच्या हातून पुरस्कार दिला. त्याच लाइनवर, त्याच मशीनवर राबणाऱ्या माणसाने फक्त टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

राष्ट्रीय सुरक्षा दिन 4 मार्चला असतो, बरेच कारखाने सुरक्षेचे पुरस्कार त्याच सुमारास देतात. तुम्हीही द्या, पण ‘वर्षभरात एकही अपघात नाही’ म्हणून विभागाला ढाल देऊ नका. ढाल हातची जाऊ नये म्हणून लोक कापलेलं बोट लपवतात, हे मी पाहिलंय. थोडक्यात टळलेला अपघात ज्याने स्वतःहून कळवला, त्याला पुरस्कार द्या.

रोख बक्षीस पगारात धरलं जातं आणि त्यावर कर लागू शकतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात पगाराची स्लिप बघून माणूस खट्टू होतो.

आणखी एक, चांगल्या माणसांची नावं कंपनीच्या गेटबाहेरही पाठवा. जून आणि डिसेंबरच्या पगारातून ज्याच्यासाठी वर्गणी कापली जाते त्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगारांसाठी पुरस्कार आहे. केंद्राच्या कामगार मंत्रालयाचा ‘विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार’ तर कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांसाठीच, त्याचे अर्ज सध्या मागवतात का ते आधी बघा. अर्ज भरणं किचकट असतं, ते काम कामगारावर न टाकता आपणच करावं.

ऑर्केस्ट्रा नाही आणला तरी चालेल, फोटोग्राफर मात्र चांगला आणा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होऊ नका. छापून, फ्रेम करून, आठ दिवसांच्या आत हातात द्या. त्या फिटरदादांच्या घरी मी नंतर गेले होते. फ्रेम देवघराच्या वरच लावली होती आणि खिळ्याला एक लाल चिंधी बांधलेली होती.