वाचक विचारतात : ब्रिजचे डाव संगणकाने वाटावेत का?

प्रश्न : ताई, आमच्या मंडळात दोन महिन्यांपासून संगणकावर पाडलेले डाव छापून आणतो. ज्येष्ठ मंडळी नाराज आहेत. ‘ही वाटणी वाकडी आहे ओ, दर वेळी हुकूम चार-एक फुटतात,’ असं म्हणतात. वाटणी जरा सरळ करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सोय असते. क्लबच्या खेळासाठी ती कृपा करून वापरू नका.

आधी आकडे पाहू. तुमच्या आणि भिडूच्या हातांत मिळून एका रंगाची आठ पानं असली, तर विरुद्ध जोडीकडे पाच उरतात. ती तीन-दोन (एकाकडे तीन, दुसऱ्याकडे दोन) फुटण्याची शक्यता 68 टक्के आणि चार-एक फुटण्याची 28 टक्के असते. म्हणजे चार डावांत एकदा तरी चार-एकची तयारी ठेवायलाच हवी. बाहेर सहा पानं असतील तर तीन-तीन फक्त साडेपस्तीस टक्के वेळा फुटतात. चार-दोनचं प्रमाण 48 टक्क्यांवर आहे. एखाद्या रंगाचं पानच नाही, असा हात वीसांत एक येतो. 24 डावांच्या बैठकीत तो चार-पाच वेळा कुणाच्या तरी हाती पडणारच.

मग ज्येष्ठांना हे वाकडं का वाटतं? त्यांची सवय हाताने पिसलेल्या पत्त्यांची आहे. खेळून झालेल्या गड्डीत एका रंगाची पानं शेजारी-शेजारी पडलेली असतात. घाईत दोन-तीनदा पिसून ती एकेक करून वाटली, की ओळीतली चार इस्पिकं चौघांना एकेक जातात आणि सगळ्यांचे हात सपाट होतात. बेयर आणि डायकॉनिस या दोन गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं, की गड्डीचे दोन भाग एकमेकांत सोडत पिसलं तरी 52 पानं नीट मिसळायला सात वेळा पिसावं लागतं. आपण गड्डी हातात धरून वरची पानं खाली सोडतो, त्याने मिसळण आणखी कितीतरी सावकाश होते. चहा यायच्या आत तितकं कुणी पिसत नाही.

डुप्लिकेट ब्रिजच्या (तेच डाव प्रत्येक टेबलावर खेळायच्या प्रकाराच्या) नियमांत संगणकाने पाडलेले डाव चालतात. अट एवढीच, की ते पूर्णपणे यादृच्छिक असावेत. ‘सरळ’ केलेली वाटणी त्या अटीत बसत नाही. मला याहून जास्त खुपतं ते असं, की सपाट डावांवर वाढलेला खेळाडू चार-एक फुटीपासून बचाव करायला शिकतच नाही. बाहेर स्पर्धेला गेला की तिथेच मार खातो. ज्येष्ठांसमोर हे आकडे ठेवा आणि दोन-तीन महिने छापील डावांच्या फुटी एका वहीत टिपायला सांगा. वही त्यांच्याच हातात द्या. पटण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. सुट्टीत मुलांना ब्रिज शिकवते. काही घरी मराठी बोलतात, काही कन्नड. वन नोट्रम्पची (बिनहुकमी एकच्या बोलीची) सुरुवात आणि स्टेमन (भिडूकडे चार इस्पिकं किंवा चार बदाम आहेत का, हे विचारणारी दोन किलवरची बोली) शिकवायला हवे तसे डाव सॉफ्टवेअरने कसे काढायचे?

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. क्लबला जे करू नका म्हटलं, ते वर्गात जरूर करा.

‘डीलर’ नावाचा जुना, फुकट मिळणारा प्रोग्राम यासाठी उत्तम आहे. त्याला अट लिहून द्यायची (चार खेळाडूंना चार दिशांची नावं असतात) : उत्तरेकडे 15 ते 17 गुण (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1), आकार म्हणजे चार रंगांतली पानं 4-3-3-3, 4-4-3-2 किंवा 5-3-3-2. दक्षिणेकडे निदान 8 गुण आणि चार इस्पिकं किंवा चार बदाम. प्रोग्राम डाव पाडत जातो आणि अटीत न बसणारे टाकून देतो. तुमची उत्तरेची अट साधारण वीस-एकवीस हातांत एकदा जुळते, त्यामुळे हवे तेवढे डाव क्षणात मिळतात. पायथॉन (प्रोग्राम लिहिण्याची भाषा) येणारं कुणी घरात असेल तर ‘रीडील’ही पाहा. छापील कागदावर रंगांची चिन्हं असतात, तेव्हा एकच कागद सगळ्या मुलांना चालेल.

असा एक डाव पाहा. उत्तरेचा हात : इस्पिक राजा-गुलाम-7-4, बदाम एक्का-6, चौकट राजा-राणी-5, किलवर राणी-10-8-3. गुण 15. दक्षिणेचा हात : इस्पिक राणी-9-5-2, बदाम 8-3, चौकट एक्का-7-6-2, किलवर राजा-गुलाम-4. गुण 10. बोली अशी : वन नोट्रम्प, दोन किलवर, दोन इस्पिक, चार इस्पिक. हुकूम तीन-दोन फुटले की इस्पिकाचा एक्का, एक बदाम आणि किलवरचा एक्का एवढेच हात (तेरांतल्या तीन फेऱ्या) जातात आणि चार इस्पिकांना लागणारे दहा मिळतात. थ्री नोट्रम्पला गेलात तर बदामाची उतारी आली की संपलं, कारण इस्पिक आणि किलवर या दोन्ही रंगांचे एक्के अजून विरुद्ध जोडीकडे आहेत. मुलांना खेळ आधी दोन्ही तऱ्हांनी खेळू द्या आणि नियम मग सांगा.

आता माझा मुख्य आग्रह. पूर्ण संच असा काढू नका. फळ्यावर ‘स्टेमन’ लिहिलं आणि दहाही डाव स्टेमनचेच निघाले, तर तिसऱ्या डावापासून मूल हाताकडे न बघता दोन किलवर म्हणतं. त्यात विचार कुठे आला? म्हणून चारांतला एक डाव मुद्दाम अटीबाहेरचा ठेवा. वरच्याच डावात दक्षिणेचं इस्पिकाचं 2 काढून किलवरचं एखादं पान द्या. आता चार पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम) नाही, तेव्हा सरळ थ्री नोट्रम्प. कुठे उत्तरेला 14 गुण द्या, कुठे 5-4-2-2 आकार. अट थोडी सैल केली की असे डाव प्रोग्रामच काढून देतो. शिवाय चांगला हात नेहमी उत्तरेलाच येऊ देऊ नका. दिशा फिरवा, नाहीतर पूर्व-पश्चिमेची मुलं कंटाळतात.

डावाखाली ‘इतके हात होतात’ असा तक्ता छापून येतो. तो बहुतेक वेळा स्वीडनच्या बो हाग्लुंड यांच्या सॉल्व्हरने (डाव सोडवणाऱ्या प्रोग्रामने) काढलेला असतो. मात्र सॉल्व्हरला चारही हात दिसतात. एकटा पडलेला राजा तो एक्क्याखाली अचूक पाडतो. मुलाने तिथे फिनेस (राजा आधी खेळणाऱ्याकडे असेल असं धरून खालचं पान लावणं) घेतली असेल तर ते बरोबर खेळलं, तसं त्याला सांगा. तो तक्ता तुमच्याजवळ ठेवा, मुलांना देऊ नका.

प्रश्न : संगणकाचे डाव कुणी आधीच ओळखू शकतो, असं आमच्या क्लबात एकजण म्हणतो. खरं आहे का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर : कच्च्या प्रोग्रामबाबत शंका रास्त आहे. चार हातांच्या एकूण वाटण्या सुमारे 5.36 गुणिले 10 चा 28 वा घात इतक्या आहेत. त्या सगळ्या निघू शकायला 96 बिट (0 किंवा 1 असे अंक) लागतात. 32 बिटांच्या बीजावर (ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून डाव निघतात त्यावर) चालणारा प्रोग्राम फार तर 429 कोटी वेगवेगळे डाव देईल. ऐकायला मोठा आकडा, पण पहिले दोन-तीन डाव पाहून पुढचे सगळे हुडकायला साध्या संगणकालाही तो पेलतो. नेदरलँड्सच्या हान्स फान स्टाव्हेरेन यांनी ‘बिग डील’ लिहिला तो याच कारणासाठी. तो 160 बिटांचा हॅश (आकडे घुसळायची पद्धत) वापरतो, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही वापरला जातो. तोच घ्या, फुकट आहे.

क्लबात खरा धोका कागदाचा असतो. छापणारा त्या दिवशी खेळत नसावा, पाकीट बंद असावं आणि फाइल कुणाच्या मोबाइलवर फिरू नये.

प्रश्न : पत्ते आपोआप लावणारं वाटणी यंत्र परवडत नाही. छापील डाव बोर्डात (चौघांचे हात ठेवायच्या कप्प्यांच्या पेटीत) भरायचे कसे?
— चिकोडी

उत्तर : न खेळणारी दोन माणसं बसवा. गड्डी आधी रंगवार लावून घ्या, मग एकाने कागद वाचायचा आणि दुसऱ्याने पानं टाकायची. प्रत्येक कप्प्यात त्या हाताची छापील चिठ्ठी ठेवा. खेळाडूने पानं मोजून चिठ्ठीशी ताडून पाहावीत, आणि फरक दिसला तर बोली सुरू होण्याआधी डायरेक्टरला (पंचाला) बोलवावं.