गोरेपणाची क्रीमे आणि तुझे नवे पार्लर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पार्लर अजून उघडलेलेही नाही, तोच 'ब्रायडल ग्लो'ची पॅकेजे घेऊन विक्रेते दारात उभे राहतात आणि 'लग्नाला महिना उरला आहे, तेवढ्यात मुलीला उजळ करून द्या' अशी विचारणा आयांकडून होते, याचा तुला आलेला वैताग मला पूर्णपणे समजतो. तो वैताग निवू देऊ नकोस. मात्र त्याला माहितीची जोड दे, कारण नुसत्या संतापाने कोणाचा चेहरा वाचत नाही.

1975 मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातींनी सावळ्या रंगापायी लग्न अडते, नोकरी अडते, हे घराघरांत पुन्हापुन्हा सांगितले. सावळ्या व्यक्तींना दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने 2014 मध्ये ठरवले आणि 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातील 'फेअर'च्या जागी 'ग्लो' आला. मागणी मात्र कायम राहिली, आणि आज ती 'ब्राइटनिंग' व 'डी-टॅन'च्या आश्वासनांवर पोसली जाते.

तरीही मला अधिक काळजी वाटते ती या जाहिरातींपेक्षा, कानोकानी खपणाऱ्या, धड लेबल नसलेल्या डब्यांची. आठवड्याभरात रंग उजळवणाऱ्या अशा क्रीममध्ये स्टिरॉइड किंवा पारा असण्याचा दाट संशय घ्यावा. स्टिरॉइडमुळे सुरुवातीला त्वचा खरोखरच नितळ दिसते आणि तिथेच फसगत होते. पुढे ती पातळ होते, लाली, पुरळ आणि नकोसे केस येतात, आणि क्रीम थांबवले की चेहऱ्याची इतकी आग होते की ती मुलगी पुन्हा तीच ट्यूब उघडते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचे स्टिरॉइड यांचे मिश्रण हे वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मर्यादित काळ वापरायचे औषध आहे. ते गोरेपणाचे क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावणाऱ्या मुली तुलाही भेटतील. अशी स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 मध्ये नियम कडक झाले, तरीही ती सहज मिळतात. पारा त्वचेतून शरीरात उतरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये काही रुग्णांच्या मूत्रपिंडविकारामागे अशीच क्रीमे असल्याचे डॉक्टरांना आढळले.

म्हणून घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेला डबा, त्यावर कितीही नफा सुटत असला तरी, पार्लरमध्ये ठेवू नकोस. लाली आणि पुरळ घेऊन आलेल्या मुलीचे फेशियल करू नकोस. ती काय लावते ते विचार आणि तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठव. फाउंडेशनची शेड मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात पाहा. आईने दोन शेड उजळ लावायचा आग्रह धरला, तर अर्ध्या चेहऱ्यावर मानेशी जुळणारी आणि अर्ध्यावर उजळ शेड लावून आरसा नवरीच्याच हाती दे. त्यासाठी गडद शेड हाताशी हव्यात. पुरवठादार 'त्या खपत नाहीत' म्हणाला, तरी पहिल्याच ऑर्डरमध्ये त्या मागव.

मालाची यादी पक्की करण्यापूर्वी मला पाठव, म्हणजे प्रत्येक वस्तूतील घटक आपण दोघी मिळून तपासू.

तुझी,
काकू