झू रोंगजी वर कसे आले? त्याआधीची वीस वर्षेही मोजा

तुमचा प्रश्न असा आहे: झू रोंगजी इंजिनिअर होते, स्पष्टवक्ते होते, कामाला वाघ होते आणि तरीही चीनचे पंतप्रधान झाले. मग तिथली व्यवस्था निवडणुकीशिवायही लायक माणसाला वर आणते, असे म्हणायचे का? माझे उत्तर असे की, त्यांची कारकीर्द 1988 पासून वाचली तर तसे वाटते, 1958 पासून वाचली तर वाटत नाही. आपल्याकडे बहुतेक लेखांची सुरुवात शांघायपासून होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म 1928 चा, हुनान प्रांतातल्या चांगशाचा. वडील जन्माआधीच गेले, आईही लहानपणीच गेली, काकांनी वाढवले. त्सिंघुआ विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले, 1949 मध्ये कम्युनिस्ट पक्षात आले आणि पदवीनंतर राज्य नियोजन आयोगात पोहोचले. 1957 मध्ये माओंनी ‘मोकळेपणाने टीका करा’ म्हटले. वाढीचे आकडे अवास्तव आहेत, असे झू बोलून गेले. 1958 मध्ये, टीकाकारांविरुद्धच्या मोहिमेत, ‘उजवे’ म्हणजे पक्षविरोधी असा शिक्का बसला, पक्षातून काढले, पद खाली आणले. पुढची ‘महाझेप’, म्हणजे उत्पादन झटपट वाढवण्याची माओंची मोहीम, नेमकी त्याच अवास्तव आकड्यांपायी कोसळली आणि कोट्यवधी माणसे भुकेने मेली. झू यांचे म्हणणे बरोबर ठरले, पण त्याचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. 1962 मध्ये थोडी माफी मिळाली, सांस्कृतिक क्रांतीत पुन्हा हकालपट्टी झाली, आणि 1970 ते 1975 ते खेड्यातल्या ‘7 मे’ केंद्रात, म्हणजे अधिकाऱ्यांना अंगमेहनतीला पाठवत तिथे, भात लावत आणि डुकरे पाळत होते. पक्षाने परत घेतले तेव्हा वय पन्नास. माणसाची उमेदीची वर्षे अशी मातीत घालणाऱ्या व्यवस्थेला गुणग्राहक म्हणायला माझे मन धजत नाही. झू निदान परत आले. त्याच मोहिमेत शिक्का बसलेले पाच लाखांहून अधिक लोक होते, त्यातले कितीतरी परतलेच नाहीत.

पुढची चढण झपाट्याची. 1988 मध्ये शांघायचे महापौर झाले. परदेशी गुंतवणूकदाराला डझनावारी शिक्के घेत फिरावे लागे, ते काम त्यांनी एका खिडकीवर आणले. शांघायच्या पुडोंग भागाच्या विकासाचा पायाही त्याच काळातला. 1989 च्या जूनमध्ये बीजिंगमध्ये लोकशाहीची मागणी करणाऱ्या निदर्शकांवर रणगाडे आले, शांघायमध्ये झू यांनी सैन्य बोलावले नाही आणि दूरचित्रवाणीवरून लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले. याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र रेल्वे जाळल्याच्या प्रकरणात त्याच शहरात तिघांना घाईघाईने देहदंड झाला, हेही त्याच महिन्यातले.

1991 मध्ये ते उपपंतप्रधान झाले. याला अर्थशास्त्र कळते, असे खुद्द तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांनी म्हटले होते. 1992 च्या पक्ष अधिवेशनात केंद्रीय समितीचा नुसता पर्यायी सदस्य असलेला हा माणूस मधल्या पायऱ्या गाळून थेट पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळात, गेला. स्वतःचा कंपू नाही, लष्करात वजन नाही. होती ती डेंग यांची मर्जी, आणि महागाई हाताबाहेर चालल्याची सगळ्यांना वाटणारी भीती.

या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्याकडे सर्वांत कमी चर्चिलेला भाग 1993-94 चा आहे. बेफाम कर्जवाटप थांबवण्यासाठी झू यांनी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नरपदही स्वतःकडे घेतले. 1994 मध्ये महागाई 24 टक्क्यांवर होती, ती 1997 पर्यंत 3 टक्क्यांच्या आत आली, तीही वाढीचा दर फार न पडता. पण खरी लढाई करवाटपाची होती. तोवर प्रांत कर गोळा करत आणि ठरावीक रक्कम केंद्राला देत. केंद्राच्या हाती एकूण महसुलाचा जेमतेम 22 टक्के वाटा उरला होता. झू पथक घेऊन प्रांतोप्रांती फिरले आणि तिथल्या एकेका पक्षसचिवाशी घासाघीस केली. श्रीमंत ग्वांगडोंग अडून बसला. नव्या रचनेत केंद्राने प्रांतांना परत द्यायच्या रकमेसाठी 1993 हेच आधारवर्ष धरा, अशी त्याची मागणी होती आणि झू यांनी ती मान्य केली. मग काय, आधारवर्षाचा आकडा फुगवण्यासाठी त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत प्रांतांची करवसुली एकदम उसळली. तरीही झू मागे हटले नाहीत. पुढच्याच वर्षी केंद्राचा वाटा 55 टक्क्यांवर गेला. आज बीजिंग जे काही करू शकते, त्यामागचा पैसा या तडजोडीतून आला.

त्याची किंमत स्थानिक सरकारांनी मोजली. शाळा, दवाखाने, रस्ते त्यांच्याच गळ्यात राहिले, उत्पन्न मात्र वर गेले. ती भर त्यांनी जमिनीचे हक्क विकून काढली. 1998 मध्ये सरकारी घरवाटप बंद झाले आणि घरांचा बाजार खुला झाला, तेव्हा या विक्रीला भरतीच आली. आज चिनी शहरांच्या डोक्यावर असलेल्या कर्जाचे एक मूळ इथे आहे. हे सगळे झू यांच्या माथी मारणे अन्याय होईल, पण त्यांना वगळूनही ही गोष्ट सांगता येत नाही.

1998 मध्ये ते पंतप्रधान झाले. मंत्रालये 40 वरून 29 वर आणली, लष्कराला धंद्यांतून बाहेर काढले, आशियाई आर्थिक संकटात युआनचे अवमूल्यन होऊ दिले नाही. सरकारी कारखान्यांतून अडीच कोटींहून अधिक कामगार घरी गेले. कारखाना म्हणजे तिथे नुसता पगार नव्हता. घर, दवाखाना, मुलांची शाळा, म्हातारपण सगळे त्यातच होते. गिरणगाव रिकामे होताना पाहिलेल्या मुंबईकराला याचा अर्थ समजावून सांगायला नको. 2002 मध्ये ईशान्येतल्या ल्याओयांग या औद्योगिक शहराचे कामगार थकलेल्या पैशांसाठी रस्त्यावर आले, तर त्यांचे पुढारी तुरुंगात गेले. झू यांच्या धडाडीचे कौतुक करताना या लोकांचा उल्लेख गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांना मतही नव्हते आणि स्वतंत्र संघटनाही नव्हती, म्हणूनच हे इतक्या वेगाने होऊ शकले.

जागतिक व्यापार संघटनेच्या प्रसंगात त्यांचे खरे बळ किती, ते कळते. 1999 च्या एप्रिलमध्ये ते मोठ्या सवलती घेऊन वॉशिंग्टनला गेले. क्लिंटन यांनी करार टाळला, वर अमेरिकेने त्या सवलतींची यादीच जाहीर केली. मे महिन्यात बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर बॉम्ब पडले आणि मायदेशी झू यांच्यावर देश विकल्याचा आरोप होऊ लागला. डेंग तोवर हयात नव्हते. पक्षप्रमुख आणि राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांनाही संघटनेत प्रवेश हवा होता, म्हणून झू टिकले. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या फेरीत ते स्वतः वाटाघाटीला बसले आणि 11 डिसेंबर 2001 रोजी चीन सदस्य झाला. पुढच्याच महिन्यात ते भारतात आले, त्या दौऱ्यात मुंबई आणि बंगळुरूही होते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: झू यांची लायकी पहिल्यापासून होती. 1957 मध्ये तीच त्यांना भोवली, 1991 मध्ये तीच कामाला आली. मधल्या काळात बदलले होते ते वरचे लोक आणि त्यांची गरज. 2003 मध्ये निवृत्त झाल्यावर झू राजकारणापासून दूर राहिले. कारखान्यांच्या सुधारणांचा वेग त्यानंतर मंदावला, मोठ्या सरकारी कंपन्या पुन्हा बळावल्या, आणि करवाटपाची 1994 ची घडी मात्र मुख्यत्वे तशीच राहिली.