पसंतीच्या यादीत एमबीबीएस आधी आणि बीडीएस नंतर भरलं, तर बीडीएसची सीट हातची जाते का?

तुमचे नीटचे गुण काठावरचे आहेत आणि क्लासमध्ये कुणीतरी सांगितलंय, की ज्यानं बीडीएस (दातांच्या डॉक्टरकीचा कोर्स) पहिलं भरलं त्यालाच ते आधी मिळतं. हे खरं नाही. मी स्वतः एमबीबीएसखाली बीडीएस भरलं होतं, तेच लागलं, आणि आज कोथरूडमध्ये दातांचीच प्रॅक्टिस करते.

राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलचं वाटप गुणवत्ता क्रमानं चालतं. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि तुम्हाला लागू असलेली जी पहिली रिकामी जागा सापडेल ती मिळते. तुमच्या मागच्या मुलानं बीडीएस एक नंबरला टाकलं असलं, तरी त्याची यादी तुमच्यानंतरच उघडते. उलट तुम्ही बीडीएस वर नेलंत आणि ते लागलं, तर त्या फेरीत खालच्या एमबीबीएसकडे कुणी बघतही नाही. म्हणून मनातला खरा क्रम जसाच्या तसा भरा. अंदाज बांधून क्रम फिरवल्यामुळे चांगल्या मुलांचं नुकसान होतं, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

पुण्यातली मुलं आणखी एक करतात. बीजे (पुण्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) आणि आसपासची दोन-चार नावं टाकली की थांबतात. गोंदिया, नंदुरबार, सिंधुदुर्ग इथलीही सरकारी कॉलेजं भरा. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच, जी बीजेला मिळते. सरकारी बीडीएससाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर बघा. भारती विद्यापीठ किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील राज्याच्या फॉर्मवर शोधू नका. ती अभिमत विद्यापीठं आहेत, त्यांचं वाटप दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून होतं.

पहिल्या फेरीत बीडीएस लागलं तर कॉलेजात प्रवेश घ्या, पण स्टेटस रिटेन्शन फॉर्मवर, म्हणजे 'हीच सीट ठेवतो' या फॉर्मवर, घाईनं सही करू नका. तो भरला की पुढच्या फेऱ्यांमधली बेटरमेंट, म्हणजे वरचा पर्याय मिळायची संधी, बंद. नाही भरला आणि वरचा पर्याय लागला, तर हातातली सीट आपोआप सुटते, मग परत मागता येत नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आईबाबांबरोबर बसून वाचा, यातले नियम बदलत असतात.

आता मला जास्त काळजी वाटते ती याची: बीडीएस तुम्हाला हवंय का? ४ वर्षं आणि वर १ वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, शरीरक्रिया सगळं शिकावं लागतंच, शिवाय पहिल्या वर्षापासून मेणात दात कोरायचे. तासन्‌तास, मिलिमीटरच्या हिशोबानं. मला त्यात जीव रमला. ज्यांना हातानं काम करायचा कंटाळा होता, ते तिसऱ्या वर्षी पेशंट समोर आल्यावर खचले. यादी लॉक करायच्या आधी एखाद्या डेंटल कॉलेजची परवानगी काढून त्यांच्या ओपीडीत अर्धा दिवस बसा आणि इंटर्न मुलांशी बोला.