पाण्यात बंद पडलेली गाडी : चावी फिरवण्यापूर्वी

प्रश्न : साचलेल्या पाण्यातून जाताना माझी पेट्रोलवरची मोटार एकाएकी बंद पडली. आता पाणी ओसरले आहे आणि गाडी बाहेरून कोरडी दिसते. ती सुरू करून पाहावी का? इंजिनात पाणी गेले आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : कृपया चावी फिरवू नका आणि गाडी गिअरमध्ये टाकून ढकलूही नका. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी मात्र दाबले जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन पाण्यावर अडला, की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला खालून जोडलेल्या दांड्यावर) येऊन तो वाकतो. गाडी बंद पडली तेव्हा इंजिन कदाचित शाबूत राहिलेही असेल. पुष्कळदा खरे नुकसान होते ते त्यानंतर वारंवार स्टार्टर मारल्यामुळे. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा आणखी कमी उरत असल्याने तिथे थोडेसे पाणीही घातक ठरते.

आधी बॅटरीची ऋण बाजूची तार काढा आणि एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टर भिजलेला किंवा चिखलाने माखलेला असेल, तर पाणी आत गेले आहे असेच धरून चालावे. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी, बाहेर काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, किंवा त्याची पातळी विनाकारण वाढलेली असली, तर त्यात पाणी मिसळले आहे. मात्र ऑइल स्वच्छ दिसले तरी निर्धास्त राहू नका, कारण पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरच्या तळाशी बसते आणि इंजिन फिरेपर्यंत ऑइलला दुधाळ रंग येतच नाही. चेंबरखालचा, ऑइल काढण्याचा ड्रेन बोल्ट सैल केल्यावर आधी पाणी गळू लागले, तर शंकेला जागा उरत नाही.

पुढचे काम मेकॅनिकचे आहे, पण ते लांबणीवर टाकू नये. सिलिंडरच्या भिंतींना फार लवकर गंज चढतो. गाडी टो करून न्यावी. सगळे स्पार्क प्लग काढून आणि इंधन व इग्निशन बंद ठेवून इंजिन प्रथम हाताने फिरवावे, म्हणजे प्लगच्या छिद्रांतून पाणी बाहेर पडते. ऑइल आणि दोन्ही फिल्टर (ऑइलचा व हवेचा) बदलावेत, आणि इंजिन थोडा वेळ चालवल्यावर ऑइल पुन्हा एकदा बदलावे.

शेवटी कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याचा, आग्रह धरा. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आला, तर रॉड वाकल्याची शक्यता असते. अशी गाडी काही काळ चालतेही, पण तो रॉड पुढे तुटून इंजिनचा ब्लॉक फोडू शकतो. तेव्हा इंजिन उघडून त्याची तपासणी करून घ्यावी.